पेढीवरची रीत आणि धंद्याची बरकत

आपल्या ट्रस्टचे पुष्कळ सभासद कोणत्या ना कोणत्या धंद्यात आहेत. कुणाची शहापुरात कापडाची पेढी, कुणाचा उद्यमबागेत लेथ-यंत्रांचा कारखाना, कुणाची ओतशाळा, तर कुणाचे टिळकवाडीत औषधांचे दुकान. सणासमारंभाला चार माणसे जमली की एक तक्रार हमखास कानी येते : “हल्ली माणसे टिकत नाहीत हो!” दुसऱ्या बाजूला आपलीच मुले-मुली पुण्या-बंगळुरूला नोकऱ्या करतात आणि दोन-तीन वर्षांत जागा बदलतात. त्याचे मात्र आपण कौतुकच करतो. म्हणजे मालक म्हणून ज्या गोष्टीचा आपल्याला राग येतो, तीच गोष्ट आपल्या घरातील नोकरदार करीत असतात. या दोन गोष्टींचा मेळ घालून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हल्ली ‘कार्यसंस्कृती’ असा एक भारदस्त शब्द प्रचारात आला आहे. त्याचा अर्थ तसा सोपा आहे. पगारपत्रकात जे लिहिलेले नसते, पण ज्यावर माणूस राहील की जाईल हे ठरते, ती कामाच्या जागेची रीत म्हणजे कार्यसंस्कृती. चूक झाली तर काय होते? रजा हक्काने मिळते की साहेबाची मर्जी पाहून? नव्या माणसाने शंका विचारली तर त्याला उत्तर मिळते की टोमणा? दिवस संपला म्हणजे खरोखर संपतो की नाही? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक पेढीत ठरलेली असतात. ती कुणी भिंतीवर लावलेली नसतात, इतकेच.

जुनी रीत : माया होती, हक्क नव्हता

माझ्या वडिलांच्या लहानशा वर्कशॉपात सारे कामगार त्यांना ‘अण्णा’ म्हणत. कुणाच्या घरी लग्न निघाले की उचल मिळे, कुणी आजारी पडले की डॉक्टरांचे बिल परस्पर भागवले जाई, आणि दिवाळीला बोनसबरोबर फराळाचा डबा घरी जाई. ही माया खोटी नव्हती. आजही त्यांपैकी एखाद्याचा मुलगा रस्त्यात भेटला, तर अण्णांची आठवण काढल्यावाचून राहात नाही.

परंतु त्या मायेला दुसरी बाजूही होती. नेमणुकीचे पत्र कुणाजवळ नव्हते. रजा मागावयाची तर अण्णांचा चेहरा पाहून मागावी लागे. चूक झाली की साऱ्यांच्या देखत बोलणी बसत, आणि ‘घरच्यासारखा माणूस’ म्हणून रविवारीही कुणाला बोलावून घेतले जाई. उचलीचा उपकार असा की नोकरी सोडणेही अवघड. जे मिळे ते कृपेने मिळे, आणि कृपेची वही कुणी ठेवीत नाही. जुन्या रीतीचा विचार करताना तिचे हे दोन्ही रंग पाहिले पाहिजेत. नाहीतर आपण एक तर उगाच उसासे टाकू, नाही तर उगाच नाके मुरडू.

रविवारची सुट्टी आली कोठून?

आज जी गोष्ट आपल्याला आकाशातून पडल्यासारखी वाटते, ती कुणीतरी झगडून मिळवलेली असते. साप्ताहिक सुट्टीचेच पाहा. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, आणि सुट्टी म्हणजे सणावारी मिळेल तेवढी. महात्मा फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा घेतल्या, अर्ज केले; आणि १८९० च्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला सरकारी आधार मिळाला.

कामाचे तासही असेच पायरीपायरीने उतरले. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यात प्रौढ पुरुषाच्या तासांना मर्यादाच नव्हती. १९११ साली कापडगिरण्यांत ती बारा तास झाली, १९२२ साली अकरा, १९३४ साली दहा आणि १९४८ च्या कायद्याने दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस. दर वेळी धंदा बुडणार अशी ओरड झाली. धंदा त्यामुळे बुडाला नाही.

उलट काही दूरदृष्टीच्या मालकांनी कायद्याची वाटही पाहिली नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा त्यांच्यापुढची मोठी अडचण म्हणजे कामगारांची गैरहजेरी. दंड वाढवून माणसे येत नाहीत, हे त्यांनी ओळखले. निवृत्तिवेतनाचा निधी, अपघाताची भरपाई, चांगल्या हजेरीला बक्षीस आणि गिरणीतील हवा सुसह्य राहावी अशी यंत्रे, या मार्गांनी त्यांनी माणसे धरून ठेवली. पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस सुरू झाला; तसा कायदा आपल्याकडे तेव्हा नव्हता. ती नागपूरची गिरणी आज उरलेली नाही, पण तिने घालून दिलेला धडा उरला आहे : माणसाची सोय हा खर्च नसून भांडवल आहे.

बेळगावचा स्वतःचा धडा

याच विषयाचा एक धडा आपल्या गावच्या इतिहासातही आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली व बेळगावची वाट धरली. येथे बंधू रामुअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर असा त्यांचा उद्योग वाढत गेला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती मोडून नांगर खपवायला वर्षे लागली. नगरपालिकेच्या विस्तार योजनेत कारखान्याची जागा गेली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी देऊ केलेल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्या वाडीत लक्ष्मणरावांनी जी रीत पाडली, ती त्या काळी नवलाचीच होती. अस्पृश्यता पाळावयाची नाही, हा तेथला दंडक. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी पहाऱ्याचे काम दिले, आणि त्या माणसांनी तो विश्वास सार्थ केला. ज्याला स्वतःला डावलले गेले होते, त्याने माणूस पारखताना जात वा डाग पाहिला नाही. मुंबईने एक शिक्षक गमावला व बेळगावने एक कारखाना. मान आणि जागा जेथे मिळत नाही, तेथून माणूसही उठतो व उद्योगही उठतो.

ओल्या वाळूचा हिशेब

आता कार्यसंस्कृतीचा पैशाशी संबंध काय, हे प्रत्यक्ष पाहू. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका ओतशाळेचे हिशेब पाहात असे. एकदा पंपाच्या कास्टिंगची एक मोठी लॉट तयार झाली. वरून सारे ठीक दिसत होते. लेथवर वरचा थर उतरताच आत भोकेच भोके! साच्याची वाळू प्रमाणाबाहेर ओली असली, की ओतलेल्या रसाच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर ती धातूत अडकून पोकळी करते. सारा माल परत आला.

चौकशीत एका कोवळ्या मोल्डरने सांगितले, “वाळू ओली वाटली होती मला. पण मुकादमाला सांगणार कोण?” आदल्या आठवड्यात त्याने अशीच एक शंका काढली होती, तेव्हा “तुला काय कळतंय?” असे त्याला साऱ्यांपुढे ऐकावे लागले होते. तो गप्प बसण्याचे शिकला. लोखंड पुन्हा भट्टीत जाते. पण कोक, वीज, मजुरी, लेथचे तास आणि गिऱ्हाइकाचा भरवसा काही परत येत नाही. मी ती रक्कम वहीत ‘रिजेक्शन’ खात्यावर लिहिली. खरे म्हणजे ती ‘भीती’ या खात्यावर लिहावयास हवी होती.

जपानमधील टोयोटा कारखान्यात दोष दिसताच साध्या कामगारालाही दोरी ओढून काम थांबवण्याची मुभा असते, हे पुष्कळांनी ऐकले असेल. आपण त्यांची यंत्रे आणतो. ती दोरी आणीत नाही.

आजचे बदल

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही रीत तीन बाजूंनी बदलली. पहिली बाजू स्त्रियांची. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा प्रकरणात कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले, आणि २०१३ साली त्याचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्या सभासद स्त्रिया हव्यात व एक व्यक्ती बाहेरची हवी. त्याहून लहान दुकानातील स्त्रीसाठी जिल्ह्याची समिती असते. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची भरपगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. ‘आमच्याकडे तसले काही होत नाही’ असे म्हणणे म्हणजे ओल्या वाळूकडे डोळेझाक करणेच होय.

दुसरी बाजू तरुणांची. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत आपली मुले संगणक घेऊन घरी परतली आणि माजघर हीच कचेरी झाली. मुलगी आपल्या साहेबाला नुसत्या नावाने हाक मारते आणि त्याचे म्हणणे चुकले तर तसे सरळ सांगते, हे पाहून पुष्कळ वडील चकित झाले. त्यात उद्धटपणा नव्हता; कामाची रीत बदलली होती.

तिसरी बाजू मात्र काळजीची आहे. पूर्वी भोंगा झाला की दिवस संपे. आता भोंगा खिशात असतो व तो रात्री अकरालाही वाजतो. नवे ते सारे चांगले, असे समजण्याचे कारण नाही.

आरंभ कोठून करावा?

लहान धंद्याला मोठ्या कंपनीचा थाट परवडत नाही, हे खरे. पण पुढील गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र द्यावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ते आवश्यकच केले आहे. रजेचा नियम कागदावर लिहून लावावा. चूक एकांतात दाखवावी, शाबासकी चारचौघांत द्यावी. आठवड्यातून एकदा सर्वांत नव्या माणसाला विचारावे, ‘तुला काय खटकते?’ आणि उत्तर ऐकून रागावू नये. कामाच्या वेळेनंतर, खरी निकड नसेल तर, फोन करू नये. जो कुणी सोडून जाईल, त्याला चहा पाजून कारण विचारावे. तेवढी माहिती कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

अण्णांची माया टाकून द्यावी, असे कुणी म्हणत नाही. फराळाचा डबा जाऊ द्या; त्याच्या जोडीला नेमणुकीचे पत्रही जाऊ द्या. माया आणि हक्क एकत्र नांदले, तरच माणसे टिकतील आणि पुण्या-बंगळुरूला गेलेल्या आपल्या मुलांपैकी एखाददुसरा वडिलांचा धंदा पाहायला परत येईल. ज्या रीतीत तो स्वतः चार दिवस काम करणार नाही, तिच्यात दुसऱ्याच्या मुलाने जन्म काढावा, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

आपल्या ट्रस्टच्या कचेरीतही कारकून आहे, कार्यालयावर शिपाई आहे, स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाया आहेत. महोत्सवाची मांडवशोभा उतरल्यावर विश्वस्त मंडळाने पहिल्या बैठकीत त्यांची पत्रे व रजेचा नियम हाती घ्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. दिवा प्रथम देवघरात लावावा, मग अंगणात न्यावा.