लष्करी शिस्त आणि समलिंगी सैनिक : अमेरिकेंतील एक वाद

लष्कर ही इतर संस्थांसारखी संस्था नव्हे. कारकुनाचें काम कचेरी सुटली म्हणजे संपतें. सैनिक मात्र ज्यांच्या सोबतीनें लढतो त्यांच्याच सोबतीनें जेवतो, निजतो आणि प्रसंगीं मरतोहि. म्हणून समाजांतील एखादा नवा विचार लष्कराच्या दारापाशीं आला म्हणजे त्याला आंत घेतांना राज्यकर्ते कचरतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असाच एक वाद १९९२ पासून २०११ पर्यंत चालला. ज्यांचें प्रेम स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीवर जडतें, अशा समलिंगी स्त्रीपुरुषांना आपली ओळख न लपवितां सैन्यांत राहूं द्यावें कीं नाहीं, हा तो प्रश्न होय.

१९९२ च्या निवडणुकींत बिल क्लिंटन यांनीं समलिंगी सैनिकांवरील बंदी उठविण्याचें आश्वासन दिलें. १९९३ च्या जानेवारींत ते अध्यक्ष झाले आणि आश्वासन पाळण्याची वेळ येतांच विरोधाची लाट उसळली. सिनेटच्या लष्करविषयक समितीचे अध्यक्ष सॅम नन हे विरोधकांचे एक पुढारी होते, आणि ते तर क्लिंटन यांच्याच पक्षाचे! सेनाप्रमुखांच्या मंडळाचे अध्यक्ष जनरल कॉलिन पॉवेल हेहि बंदी उठविण्याच्या विरुद्ध होते.

विरोधकांची बाजू प्रथम नीट समजून घेतली पाहिजे. त्यांपैकीं पुष्कळांचा आक्षेप धर्माच्या शिकवणुकीवर आधारलेला होता. परंतु सिनेटपुढें मुख्य भर दिला गेला तो निराळ्याच मुद्यांवर. समलिंगी मनुष्य भित्रा असतो किंवा त्याला शस्त्र चालवितां येत नाहीं, असें त्यांतील विचारी लोक म्हणत नव्हते. त्यांचें म्हणणें असें कीं, तुकडीचें बळ परस्पर विश्वासांत आणि एकजुटींत असतें; बराकींत व पाणबुडींत आडपडदा नसतो; तेथें संकोच शिरला कीं एकजूट ढिली होते आणि त्याचें मोल रणांगणावर प्राणांनीं द्यावें लागतें. शिवाय, लष्कर ही समाजसुधारणेची प्रयोगशाळा नव्हे.

यावर प्रतिपक्षानें १९४८ सालाची आठवण करून दिली. त्या वर्षीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं सैन्यांतील कृष्णवर्णीयांना समान वागणूक देण्याचा हुकूम काढला, तेव्हांहि एकजूट मोडेल असेंच भाकीत झालें होतें. पॉवेल स्वतः कृष्णवर्णीय. परंतु त्यांना ही तुलना मान्य नव्हती. त्वचेचा रंग आणि मनुष्याचें लैंगिक वर्तन या एका जातीच्या गोष्टी नव्हत, असें त्यांचें मत होतें.

अखेर १९९३ सालीं तडजोडीचा कायदा झाला. ‘विचारूं नका, सांगूं नका’ या नांवानें तो प्रसिद्ध आहे. अधिकाऱ्यानें विचारावयाचें नाहीं, सैनिकानें सांगावयाचें नाहीं. सांगितलें तर नोकरी गेली. येथें एक विसंगति उत्पन्न झाली. वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांत, असत्य बोलणार नाहीं, हा छात्रांच्या आचारसंहितेचा पहिला नियम; आणि त्याच सैन्यांत कित्येकांना आपलें खरें जीवन जन्मभर झांकून ठेवणें कायद्यानें भाग पडलें. या धोरणाखालीं १३ हजारांहून अधिक सैनिक सेवेंतून काढले गेले. त्यांत अरबी भाषेचे जाणकारहि होते, आणि तेंहि २००१ च्या हल्ल्यानंतर अशा जाणकारांची निकड असतांना.

सनातनी मताचे सर्वच लोक मात्र एका बाजूस नव्हते. अमेरिकन सनातन पक्षाचे वडीलधारे पुढारी बॅरी गोल्डवॉटर यांनीं १९९३ सालींच बंदीविरुद्ध लेखणी उचलली. मनुष्याच्या खासगी जीवनांत सरकारनें हात घालूं नये, हेंच त्यांच्या सनातनीपणाचें तत्त्व होतें.

२०१० च्या फेब्रुवारींत सेनाप्रमुखांच्या मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष ॲडमिरल माइक मलन यांनीं सिनेटच्या समितीपुढें कायदा रद्द करण्याच्या बाजूनें साक्ष दिली. पॉवेल यांनींहि आपलें मत बदलल्याचें सांगितलें. त्याच वर्षीं लष्करानें सैनिकांची मतें मागविलीं. सुमारें १ लाख १५ हजार उत्तरें आलीं. तुकडींत समलिंगी सहकारी असला तर कामावर परिणाम चांगला, संमिश्र किंवा मुळींच होणार नाहीं, असें शेंकडा ७० जणांनीं कळविलें. लढाऊ पथकांत मात्र शंका अधिक होती. सिनेटर जॉन मॅकेन यांनीं विरोध सोडला नाहीं, आणि मरीन दलाचे प्रमुख जनरल जेम्स एमस यांनीं युद्ध चालू असतां हा बदल धोक्याचा ठरेल असा इशारा दिला. तरीहि १८ डिसेंबर २०१० रोजीं सिनेटनें ६५ विरुद्ध ३१ मतांनीं कायदा रद्द करण्यास संमति दिली. २० सप्टेंबर २०११ पासून बंदी उठली.

पुढें काय झालें? लष्करी विद्यालयांतील कांहीं प्राध्यापकांच्या सहभागानें २०१२ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सैन्याच्या एकंदर सिद्धतेवर वाईट परिणाम आढळला नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या एमस यांनीं इशारा दिला, त्यांनींच कायदा बदलतांच तो निष्ठेनें अमलांत आणण्याची ग्वाही दिली आणि ती पाळली.

विरोधकांचा मुख्य आक्षेप हें वस्तुतः एक भाकीत होतें. भाकीत करणें हा दोष नव्हे. लष्करासारख्या संस्थेच्या बाबतींत सावधगिरी शोभूनच दिसते. परंतु भाकिताची परीक्षा अनुभवानेंच व्हावयाची असते, आणि ती होण्यास येथें सतरा वर्षें लागलीं. त्या सतरा वर्षांत ज्यांनीं गणवेष उतरविला, त्यांपैकीं कांहींजण पुढें सेवेंत परतले. पण मध्यंतरींचीं वर्षें त्यांना कोणीहि परत देऊं शकलें नाहीं.