पारपत्र, प्रवेश आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांनी आम्हांला भूगोल शिकविला. कोऱ्या नकाशात देशांच्या सीमा ते आमच्याकडून शाईने काढवून घेत. ओढलेली रेघ पुसता येणार नाही, म्हणून हात जपून चालवा, असा त्यांचा दंडक असे. त्या रेघा ओलांडताना काय काय लागते, हे मात्र मी साठी उलटल्यावर, आणि फजिती होऊन शिकलो. मराठीच्या प्राध्यापकाने या विषयावर का बोलावे, याचे उत्तर त्या फजितीत आहे.

२०१६ साली आमची मुलगी सिंगापुरास बाळंतपणाच्या तयारीत होती. बडोद्याहून रात्रीच्या गाडीने आम्ही उभयता मुंबईस गेलो. आधीच्या खेपेस मिळालेला बहुप्रवेशी व्हिसा अजून चालू होता, तिकिटे हाती होती, डिंकाचे लाडू पिशवीत होते. विमानतळावरील खिडकीशी बसलेल्या मुलीने सौभाग्यवतींचे पारपत्र उघडले, तारीख पाहिली आणि ते परत ठेवले. मुदत संपावयास पाच महिने आणि काही दिवस उरले होते. सहा महिने हवे होते. मी तिच्याशी वाद घातला, व्हिसा दाखविला, माझे वय आणि पदवीही सांगितली, याची आज लाज वाटते. माझे पारपत्र निर्दोष होते, पण बाळंतपणाला मी एकटा जाऊन काय दिवे लावणार होतो! दुसऱ्या दिवशीच्या गाडीने दोघेही परत आलो. तत्काळ योजनेतून नवे पारपत्र निघाले, नवा व्हिसा झाला, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा नात अठरा दिवसांची होती.

त्या मुलीवर मी बरेच दिवस रागावलो होतो. पुढे कारण समजून घेतले तेव्हा राग गेला. ज्या प्रवाशाला परका देश उतरू देत नाही, त्याला परत आणण्याची जबाबदारी विमान कंपनीवर पडते, आणि बऱ्याच देशांत तिला वर दंडही होतो. म्हणून परदेशाची सीमा वस्तुतः मुंबईच्याच खिडकीशी सुरू होते. आणि सहा महिन्यांचा नियम कशासाठी? पाहुणा आजारी पडला, मुक्काम लांबला आणि दरम्यान त्याच्या पारपत्राची मुदत संपली, तर त्याला परत धाडणे अवघड होते. सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात, थायलंड हे देश सहा महिने मागतात. युरोपातील शेंगेन गटाचे देश तेथून निघण्याच्या दिवसापासून पुढे तीन महिने मागतात. अमेरिकेने भारतासह अनेक देशांना या अटीतून सूट दिली आहे. थोडक्यात, पारपत्रावर छापलेली तारीख ही त्याची खरी अखेर नव्हे. व्यवहारात ते सहा महिने आधीच थकते.

‘पारपत्र’ हा शब्द आमच्या पिढीने वर्तमानपत्रांतून उचलला. ‘पारपत्य’ या जुन्या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य आहे, आणि कचेरीतील दोन-तीन हेलपाट्यांनंतर अर्थसाम्यही वाटू लागते. पण या दोन कागदांतील भेद आपल्याकडे अजून स्पष्ट नाही. पारपत्र आपले सरकार देते. ‘हा आमचा नागरिक आहे’ एवढेच ते सांगते. व्हिसा परके सरकार देते. ‘याने आमच्या दाराशी यावयास हरकत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. दारातून आत घ्यावयाचे की नाही, हे दारावरचा अधिकारी त्या क्षणी ठरवितो. तो विचारील त्याला थोडक्यात आणि खरे उत्तर द्यावे. मुलाकडे आलो, दोन महिने राहणार, परतीचे तिकीट हे. ‘सुनेला नोकरीमुळे जमत नाही, म्हणून नातवंडे सांभाळायला आलो’ असे कौतुकाने सांगू नये. त्याला त्यात बिनपगारी नोकरी दिसण्याचा संभव असतो.

बाहेर जाण्याचा हक्क आपला आहे, आत शिरण्याचा नाही. पहिला हक्कही सहज मिळालेला नाही. आपल्या सयाजीराव महाराजांना परदेशप्रवासाची ओढ होती. १९०० साली लॉर्ड कर्झनने परिपत्रक काढून संस्थानिकांच्या परदेशगमनास सरकारी परवानगीची अट घातली, आणि ती महाराजांना फार झोंबली. राजाची ही कथा, तर रयतेची काय! परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला आणि त्याच वर्षी आजचा पारपत्र कायदा झाला. तोवर पारपत्र देणे न देणे ही सरकारची मर्जी होती.

आता नावाकडे वळतो. येथे मला अधिकाराने बोलता येईल. आम्हां बडोद्याच्या मराठी मंडळींच्या नावांची कागदोपत्री जी दशा होते, ती पुण्यात कोणाला सांगून पटणार नाही. गुजरातच्या रिवाजाप्रमाणे शाळेच्या दाखल्यावर आडनाव प्रथम येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. मराठी घरात आडनाव शेवटी. कोठे नावाला ‘भाई’ जोडलेले, कोठे ‘बेन’, तर कोठे ‘राव’ आणि ‘बाई’. त्यात लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली जुनी चाल. दाखल्यावर माहेरची कमल, शिधापत्रिकेवर सासरची सुनंदा. इंग्रजी लिपीत आणखी गोंधळ: एकाच घरातील थोरला लक्ष्मण ‘के-एस-एच’ने लिहितो, धाकटा ‘एक्स’ने. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा त्यांचे आडनाव शेवटी दोन ‘ई’ लावून लिहिले गेले; आजचे जोशी ‘आय’ लावतात. यंत्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी घराणी होत.

भाषाशास्त्राला या विविधतेचा आनंद होईल, विमानतळाला होत नाही. तिकीट, व्हिसा आणि विमा या तिन्हींवरील नाव पारपत्राबरहुकूम असावे. पारपत्राच्या अर्जात आडनावाचा आणि नावाचा रकाना वेगळा असतो. वडिलांचे वा पतीचे नाव नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे जाते. आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नये. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पारपत्रावर एकच नाव असलेल्यांना पर्यटन व्हिसावर प्रवेश देण्याचे थांबविले, आणि पुष्कळांचे बेत ऐनवेळी फिसकटले.

सामानाविषयी एकच गोष्ट विस्ताराने सांगतो, कारण ती आपल्या स्वयंपाकघरातील आहे. खसखस. आपण ती अनारशांना लावतो, करंजीच्या सारणात घालतो, काही घरांत गोड्या मसाल्यातही पडते. सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरात येथे ती नेणे निषिद्ध आहे, कारण ती अफूच्या बोंडातून निघते. दिवाळीत मुलाकडे निघालेल्या आईच्या डब्यात काय आहे, हे तिला कोणी आधी सांगत नाही. औषधांचेही तसेच. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या आखाती देशांत नियंत्रित आहेत. औषधे मूळ पाकिटातच ठेवावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी आणि तिच्यात व्यापारी नावाऐवजी औषधाचे मूळ नाव असावे. कोणी अनोळखी, किंवा ओळखीच्याचा ओळखीचा, ‘एवढे पुडके तेवढे न्या’ म्हणाला तर भिडेस पडू नये. सिंगापुरात अमली पदार्थांच्या वाहतुकीस देहान्त शिक्षा आहे.

विमा घेताना मधुमेह व रक्तदाब लपवू नयेत. लपविलेला आजारच नेमका दाव्याच्या वेळी उजेडात येतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते. आफ्रिकेत पीतज्वराच्या प्रदेशात जाणाऱ्यांनी लस निदान दहा दिवस आधी घ्यावी. तिचे प्रमाणपत्र जुलै २०१६ पासून आजन्म ग्राह्य आहे.

माझ्यासारख्या वृद्धांची फजिती अठरा दिवसांत निस्तरते. तरुणांची तशी निस्तरत नाही. जानेवारी २०२२ मध्ये गांधीनगर जिल्ह्यातील डिंगुचा गावचे चौघांचे कुटुंब कॅनडातून पायी अमेरिकेत शिरण्याच्या प्रयत्नात बर्फात गोठून गेले. त्यात दोन लहान मुले होती. त्याच वर्षी थायलंडमधील संगणकाच्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबल्याचे उघड झाले आणि परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला. पर्यटन व्हिसावर नोकरी, हे शब्द एकत्र आले की तेथेच थांबावे. दलाल नोंदणीकृत आहे की नाही, हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ व्यवस्थेत पाहता येते. आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या कोणाचा मुलगा असा निघाला असेल, तर संकोच सोडून विचारा. मागाहून चौकशीला जाण्यापेक्षा ते बरे.

पारपत्र हरवलेच, तर प्रथम तेथील पोलिसांकडे तक्रार आणि मग भारतीय वकिलातीत अर्ज. नवे पारपत्र मिळेपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र तेथे मिळते. जुन्या पारपत्राचा क्रमांक आणि पहिल्या-शेवटच्या पानांची प्रत जवळ असली, तर हे काम पुष्कळ सोपे होते. आमच्या प्रतींचा एक संच मुलीकडे असतो, आणि दुसरा शेजारच्या वहिनींकडे, त्यांच्या देवघरातील पोथीत.