माणकं सतरा, भाव शून्य

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारात दुकानांपुढून सलग बरामदा जातो. त्यात पितळी भांड्यांच्या एका दुकानाला खेटून जेमतेम एक टेबल मावलंय, तीन बाजूंनी काचा लावलेलं. पलीकडे घड्याळं दुरुस्त करणारे उस्ताद, अलीकडे स्टुलावर मी. उस्तादांच्या उजव्या डोळ्यात आयग्लास रुतलेली आहे, डावा डोळा सताड उघडा. मे महिन्याची दुपार, तरी पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. वारा टेबलावर आला तर स्क्रू शोधत बसावं लागेल. घामाचा थेंबही चालत नाही, म्हणून कपाळाला रुमाल बांधलेला.

समोर एचएमटीचं ‘जनता’ घड्याळ आहे. पांढरी तबकडी, तिच्यावर ‘पॅरा शॉक’ अशी अक्षरं. गिऱ्हाईक सकाळी देऊन गेलंय. किल्ली दिली की चालतं, पण दुपारपर्यंत मागे पडतं, एवढीच तक्रार.

पातळ सुरीचं पातं मागच्या झाकणाच्या खाचेत जातं, मनगट किंचित वळतं आणि झाकण टक्‌ करून सुटतं. आत मशीन दिसते. मला वाटतं, आता स्क्रूड्रायव्हर येणार. उस्ताद मात्र किल्लीचं बटण दोन बोटांत धरतात, दुसऱ्या हातातल्या सुईने खटका मागे सारतात आणि बटण बोटांतून सावकाश उलटं फिरू देतात. घड्याळ चालवणाऱ्या कमानीत भरलेला ताण असा उतरवून घेतात. “पहले ढीली करो साहब, नहीं तो सब गया,” ते मान वर न करता सांगतात. कमान भरलेली असताना चाकांना अडवून धरणारा ‘पॅलेट’ काढला, तर अडवणारं कुणीच उरत नाही. साऱ्या चाकांतून तो जोर एका झटक्यात धावतो आणि केसाएवढ्या जाडीचे कणे मोडू शकतात. घड्याळ उघडता कुणालाही येतं. नवशिक्या आणि कारागीर यांच्यातला फरक या पहिल्या मिनिटातच कळतो, असं माझं मत होऊन बसलंय.

मशीन डबीतून बाहेर येते. तबकडीवर ओरखडा उठू नये म्हणून प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून काटे उचलले जातात: आधी सेकंदाचा, मग मिनिटाचा, मग तासाचा. तबकडीचे दोन बारीक स्क्रू कडेला असतात. ते सैल केले की तबकडी सुटते आणि वेगळ्या डबीत जाते.

आता मागेपुढे झुलणाऱ्या चाकाची, म्हणजे बॅलन्सची पाळी. त्याला वरून धरणाऱ्या पट्टीचा, म्हणजे पुलाचा, एकच स्क्रू काढायचा, पूल चिमटीने उचलायचा, की त्याच्याबरोबर बॅलन्सचं चाक केसासारख्या बारीक बालकमानीला लोंबकळत वर येतं. इथे उस्तादांचा श्वास थांबतो. मीही नकळत मागे सरकतो. बालकमानीचा एक वेढा दुसऱ्याला चिकटला किंवा तिला जरा बाक आला, तर घड्याळ पुन्हा बरोबर वेळ दाखवत नाही. ती कमान सरळ करणं हे वेगळंच कसब आहे. पूल उलटा होऊन काचेच्या वाटीत टेकतो. उस्ताद श्वास सोडतात.

पॅलेट निघतो. त्याच्या दोन हातांच्या टोकांना दोन लाल कण चमकतात. ही माणकं. तबकडीवर सतरा ज्वेल्स लिहिलेले असतात ते हेच. नेहमीच्या मांडणीत बॅलन्सला चार, त्याच्या रोलर नावाच्या चकतीला एक, पॅलेटच्या टोकांना दोन, बाकीची दोनदोन करून पॅलेटच्या आणि चार चाकांच्या कण्यांखाली. लोखंडी कणा पितळेत फिरला तर भोक झिजून लांबट होतं. माणकात फिरला तर वर्षानुवर्षं गोल राहतं. दगडाला असं भोक पाडायचं पेटंट १७०४ साली लंडनमध्ये निकोलस फातियो आणि डेबोफ्र बंधूंनी घेतलं. तेव्हा खरी रत्नं लागत. १९०२ मध्ये फ्रान्सच्या ऑग्यूस्त व्हर्नयीने ज्वाळेत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली आणि घड्याळातलं माणिक स्वस्त झालं.

इथून बडी चौपडचा चौक ओलांडला की जौहरी बाजार. जगभरचे रंगीत खडे कापणाऱ्या, पारखणाऱ्या या शहरात ही सतराच्या सतरा माणकं घेऊन गेलो तर काय मिळेल, असं मी विचारतो. उस्ताद पहिल्यांदा हसतात. “चाय भी नहीं।” जौहऱ्याच्या तराजूत या माणकांना भाव नाही. त्यांची किंमत त्यांच्या जागी, आणि तीही कणा फिरत असेल तोवरच.

वरची दोन दातेरी चाकं निघतात. त्यातल्या लहान चाकाचा स्क्रू बहुतेक मशिनींत उलट्या आट्यांचा असतो. सवयीने डावीकडे पिळणारा तो घट्ट करत जातो आणि शेवटी डोकंच मोडतो. उस्तादांचा हात न विचारता उजवीकडे वळतो. मग पूल, मग चाकं. आयग्लास माझ्या डोळ्याला लावून ते एक कणा दाखवतात: जुनं तेल वाळून तपकिरी, चिकट झालंय आणि त्यात या वाळवंटाकाठच्या शहराची धूळ बसलीय. घड्याळाची तक्रार एवढीच. मोडलेलं काही नाही, फक्त घासतंय.

कमानीची पेटी उघडताना मात्र चेहरा पडतो. कमान मोकळी केली तरी नीट पसरत नाही, आक्रसूनच राहते. ताकद संपलीय. नवी कुठून आणणार? उस्ताद खण ओढतात. खणभर मेलेली घड्याळं: ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कोहिनूर’. सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळुरूला एचएमटीची घड्याळं निघू लागली. लग्नात जावयाला आणि निवृत्तीला साहेबाला तीच दिली जात. क्वार्ट्‌झ हे बॅटरीवरचं घड्याळ आलं तेव्हा सरकारी कारखाना मुख्यतः किल्लीच्या घड्याळांनाच धरून बसला, ही चूक महागात पडली. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आता एक घड्याळ जगवायचं तर दुसऱ्याचे अवयव काढायचे. उस्ताद एका फुटक्या ‘जनता’तून कमान काढतात, बोटांनी ताणून पाहतात, मान हलवतात.

पेट्रोलच्या वाटीत चाकं पडतात. ब्रश फिरतो, टोक काढलेली काडी माणकांच्या भोकांत फिरून काळी होऊन बाहेर येते. पॅलेटला स्पिरिट लावत नाहीत. त्याची माणकं लाखेने चिकटवलेली असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. मग रबरी फुग्याचा वारा. सगळ्यात नाजूक काम बॅलन्सच्या टोकाशी आहे. धक्का सोसणारी इवलीशी स्प्रिंग तिथे बसवलेली असते, ती चिमटीतून निसटली की उडतेच. म्हणून टेबलाच्या कडेला अडकवलेलं पांढरं कापड उस्तादांनी मांडीवर ओढून घेतलंय.

सुटे भाग वाळत असताना मला जवळचंच जंतरमंतर आठवतं. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात बांधलेल्या सत्तावीस मीटर उंच सम्राट यंत्रावर सावली वेळ दाखवते, दोन सेकंदांपर्यंत बारीक. तिथे तेल नाही, कमान नाही. पण ती वेळ जयपूरच्या सूर्याची. आपल्या मनगटावरची भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा सरासरी सत्तावीसेक मिनिटं पुढे. उस्तादांना मी हे सांगतो. गिऱ्हाईक मोबाइलशी ताडून बघतं, एवढंच त्यांचं उत्तर.

जोडणी उलट्या क्रमाने, आणि आश्चर्य वाटेल इतकी झपाट्याने होते. तेलाचा थेंब सुईच्या टोकाएवढा. जास्त झाला तर पसरतो आणि नको तिथे चिकटतो. पॅलेटच्या कण्यांना तर तेल मुळीच नाही. किल्लीला चार वेढे, बॅलन्स बसतं, पुलाचा स्क्रू अर्धाच फिरतो तोवर चाक आपणहून हलू लागतं. ही मशीन सेकंदाला पाच ठोके टाकते, दिवसाचे ४,३२,०००. घड्याळ आता काही दिवस टेबलावरच राहील, कधी पालथं, कधी उभं, वेळ जुळेपर्यंत.

तुमच्या कपाटात वडिलांचं किंवा आजोबांचं असं घड्याळ पडून असेल, तर ते चालतंय म्हणून रोज किल्ली देऊ नका. वाळलेल्या तेलावर ते चालतं, पण कणे झिजवत चालतं. आधी सर्व्हिसिंग करून घ्या, आणि आपल्या गावात हे काम करणारा घड्याळजी अजून बसतो आहे तोवरच करून घ्या.