मार्को पोलोचा पूर्वप्रवास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हेनिसमधील एका व्यापारी कुटुंबात १२५४ च्या सुमारास जन्मलेला मार्को पोलो १२७१ मध्ये वडील निकोलो आणि काका माफेओ यांच्यासह पूर्वेकडे निघाला, १२७५ च्या सुमारास मंगोल सम्राट कुबलाईखानाच्या शांग्दू येथील उन्हाळी दरबारात पोहोचला, सुमारे १७ वर्षे त्याच्या सेवेत राहिला आणि १२९५ मध्ये मायदेशी परतला. त्याच्या प्रवासग्रंथाबद्दलचे गैरसमज दोन टोकांचे आहेत : जे त्याने केले नाही त्याचे श्रेय काही जण त्याला देतात, तर जे त्याने निश्चितपणे पाहिले तेही काही जण नाकारतात. हा ग्रंथ कोणत्या परिस्थितीत आकाराला आला याचा विसर पडल्यामुळेच ही दोन्ही टोके गाठली जातात.

गैरसमज १ : पूर्वेकडील मंगोल दरबारात पोहोचलेला मार्को हा पहिला युरोपीय होता.

वस्तुस्थिती : मार्कोच्या जन्माआधीच, १२४६ मध्ये, पोपचा दूत म्हणून जोव्हानी दा पियान देल कार्पिने हा फ्रान्सिस्कन साधू मंगोलियात पोहोचला होता. त्याच्यामागून आलेला रुब्रुकचा विल्यम १२५४ मध्ये काराकोरम या मंगोल राजधानीत गेला, तेव्हा तेथे त्याला पॅरिसचा गीयोम बुशे हा सोनार भेटला. मंगोलांनी हंगेरीतून धरून नेलेल्या या कारागिराने खानाच्या वाड्यासमोर चांदीचे एक झाड घडवले होते, ज्याच्या मुळाशी बसवलेल्या सिंहांच्या तोंडांतून घोडीचे दूध वाहत असे. मार्कोचे वडील आणि काकाही त्याला सोबत नेण्यापूर्वी एकदा कुबलाईच्या दरबारात जाऊन आले होते. मार्कोचे वेगळेपण पहिलेपणात शोधण्याचे कारण नाही; इतका दीर्घकाळ तेथे राहून इतक्या विस्ताराने माहिती देणारा त्याच्यासारखा युरोपीय त्या काळात दुसरा आढळत नाही, हेच त्याचे खरे महत्त्व आहे.

गैरसमज २ : हा ग्रंथ म्हणजे मार्कोने स्वतः लिहिलेली रोजनिशी आहे.

वस्तुस्थिती : व्हेनिस आणि जेनोवा या दोन व्यापारी नगरराज्यांच्या संघर्षात मार्को जेनोवाच्या कैदेत सापडला आणि तेथे १२९८ मध्ये त्याने सांगितलेला वृत्तान्त पिसा येथील रुस्तिकेल्लो या सहबंदिवानाने शब्दबद्ध केला. रुस्तिकेल्लो हा शूर सरदारांच्या अद्भुतरम्य कथा रचणारा लेखक असल्यामुळे लढायांची आणि दरबारी स्वागताची वर्णने त्याच्या परिचित साच्यात उतरली. ग्रंथाची भाषा इटालियन वळणाची फ्रेंच होती, मूळ प्रत हरवली आहे, आणि आज उपलब्ध असलेल्या १५० च्या आसपास हस्तलिखितांमध्ये नकलनवीस व अनुवादकांनी मजकूर गाळलेला किंवा वाढवलेला दिसतो. म्हणूनच एखादे विधान मार्कोच्या माथी मारण्यापूर्वी ते कोणत्या हस्तलिखितात आहे, हे पाहावे लागते.

गैरसमज ३ : मार्को चीनला गेलाच नव्हता.

वस्तुस्थिती : ब्रिटिश अभ्यासक फ्रान्सेस वुड यांच्या १९९५ मधील पुस्तकामुळे ही शंका सर्वदूर पोहोचली. चीनची भिंत, चहा आणि स्त्रियांचे पाय बांधण्याची प्रथा यांचा उल्लेख मार्को करत नाही आणि चिनी दप्तरांत त्याचे नाव सापडत नाही, असे तिचे मुख्य आधार आहेत. मात्र आज दिसणारी दगडविटांची भिंत बहुतांशी पुढच्या मिंग राजवटीत (१३६८ ते १६४४) उभी राहिली. मार्कोनंतर काही दशकांनी चीनमध्ये राहिलेला ओदोरिको हा साधूही तिच्याविषयी काही लिहीत नाही, तरी त्याच्या प्रवासावर कोणी अविश्वास दाखवत नाही. शिवाय मार्कोचा वावर मुख्यतः मंगोल आणि मध्य आशियाई अधिकाऱ्यांमध्ये होता, त्यामुळे चिनी घरांतील चालीरीती त्याच्या नजरेबाहेर राहणे स्वाभाविक होते.

न सांगितलेल्या गोष्टींपेक्षा सांगितलेल्या गोष्टींचा पुरावा अधिक बळकट आहे. इराणचा मंगोल शासक, म्हणजेच इल्खान, अर्घून याच्यासाठी कोकोचिन ही राजकन्या घेऊन निघालेल्या तीन दूतांबरोबर आपण समुद्रमार्गे परतलो, असे मार्को सांगतो आणि त्या तिघांची नावेही देतो. चिनी इतिहासकार यांग झिजिऊ यांनी १९४१ मध्ये प्रसिद्धीस आणलेल्या १२९० च्या एका सरकारी कागदात नेमकी हीच तीन नावे आहेत. तिघांपैकी खोजा हा एकटाच वाटेत बचावला असे मार्को म्हणतो, आणि राजकन्येच्या आगमनाची नोंद करणारा फारसी इतिहासकार रशीदुद्दीनही खोजा याचेच नाव देतो. चिनी कागदात पोलोंचा उल्लेख नाही हे खरे, परंतु दोन परक्या भाषांतील नोंदींशी असा मेळ बसणे ऐकीव माहितीवर शक्य नव्हते.

कागदी चलनाचे वर्णनही असेच तपासून पाहण्याजोगे आहे. तुतीच्या झाडाची आतली साल कुटून काळपट कागद तयार करणे, त्याचे लहानमोठे आयताकृती तुकडे कापणे, त्यांवर लाल शिक्का उमटवणे आणि जीर्ण नोटा बदलून देताना शेकडा ३ कसर आकारणे, हा सारा क्रम मार्को सांगतो. जर्मन चीनविद्यातज्ज्ञ हान्स उलरिख फोगेल यांनी २०१३ मध्ये चलन, मीठ आणि महसूल यांविषयीची त्याची माहिती चिनी साधनांशी ताडून पाहिली आणि ती आश्चर्यकारक प्रमाणात जुळते, असे दाखवून दिले.

गैरसमज ४ : मार्को हा कुबलाईच्या राज्यातील बडा सत्ताधीश होता.

वस्तुस्थिती : यांगझोउ या शहरावर मार्कोने तीन वर्षे अधिकार गाजवला, असे काही हस्तलिखितांत म्हटले असले, तरी तेथील अधिकाऱ्यांच्या चिनी याद्यांत त्याचे नाव नाही. शियांगयांगच्या वेढ्यात दगडफेकीची यंत्रे पोलोंनी उभारून दिली हा दावा तर कालक्रमातच बसत नाही, कारण ते शहर १२७३ मध्ये, म्हणजे पोलो तेथे पोहोचण्यापूर्वीच पडले होते आणि ती यंत्रे पश्चिम आशियातून बोलावलेल्या मुस्लिम तंत्रज्ञांनी बनवली होती. अशी बढाई मान्य करूनही सम्राटाच्या कामगिरीवर फिरणारा एक परदेशी सेवक ही त्याची भूमिका अबाधित राहते.

गैरसमज ५ : इटलीत पास्ता मार्कोने आणला.

वस्तुस्थिती : अरब भूगोलकार अल् इद्रिसीने ११५४ मध्येच सिसिलीतील त्राबिया येथे वाळवलेल्या शेवयांसारखा पदार्थ तयार होऊन दूरवर निर्यात होत असल्याचे नोंदवले आहे, आणि जेनोवातील १२७९ च्या एका मालमत्तायादीत मॅकरोनीने भरलेली पेटी आढळते. या दोन्ही नोंदी मार्कोच्या परतीपूर्वीच्या आहेत.

गैरसमज ६ : ग्रंथातील प्रत्येक स्थळ मार्कोने पाहिले, किंवा पाहिल्याचा दावा केला.

वस्तुस्थिती : जपानला तो कधीच गेला नाही आणि मादागास्करजवळच्या महाकाय पक्ष्याची कथा त्याने इतरांकडून ऐकलेली आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्याच्या वर्णनात ठाण्याचाही समावेश आहे : तेथील तपकिरी धूप, कातडी आणि सुती कापड यांचा व्यापार तो नोंदवतो, आणि लुटीत सापडलेले घोडे राजाला द्यायचे या बोलीवर चाच्यांना मोकळीक असल्याचे सांगतो. मार्को ठाण्यात उतरला होता असे या मजकुरावरून सिद्ध होत नाही, पण कोणत्या बंदरात काय मिळते आणि वाटेत कोणता धोका आहे हे टिपणारी व्यापाऱ्याची नजर त्यात स्पष्ट दिसते.

या ग्रंथाला सरसकट खरा किंवा सरसकट खोटा ठरवणे सोपे असले, तरी त्यातून इतिहास हाती लागत नाही. पाहिलेले, ऐकलेले, रुस्तिकेल्लोने रंगवलेले आणि नकलनवीसांनी वाढवलेले असे थर वेगळे करून प्रत्येक विधान स्वतंत्र पुराव्याच्या कसोटीला लावले, की बढाईचा भाग गळून पडतो आणि तेराव्या शतकातील चलन, मीठ, बंदरे व राजमार्ग यांविषयी अत्यंत मोलाची साक्ष शिल्लक राहते. मार्को पोलोला न्याय मिळतो तो अशा चिकित्सेतूनच.