तीस मीटरची साठ मीटर वाट

कडबा कुट्टीचं बटण दाबलं की शेडमधला दिवा क्षणभर मलूल होतो, मोटरने वेग घेतला की पुन्हा उजळतो. कोल्हापूरच्या आसपास ज्यांच्या घरामागे परडं आहे आणि परड्याच्या टोकाला पत्र्याची शेड, त्यांच्या हे रोजच्या पाहण्यातलं. पण त्या क्षणभरात काय घडतं ते एकदा उलगडून बघा. शेडचं सगळं वायरिंग कसं आखायचं, ते तिथेच कळायला लागतं.

चला, आखूच. समजा, घरातल्या मीटरपासून शेड ३० मीटरवर आहे. विजेची वाट किती लांब? ३० मीटर? नाही, ६०! विजेचा एक हट्ट असतो : जितकी गेली तितकी परत आलीच पाहिजे. फेजमधून गेली, न्यूट्रलमधून माघारी. नळ उघडा टाकला तर पाणी वाहत सुटतं. तारेचं टोक हवेत मोकळं सोडलं तर काहीच वाहत नाही. फेरी पुरी झाली तरच वीज हलते. हा हट्ट लक्षात ठेवा, पुढे पावलोपावली भेटणार आहे.

तांबं विजेला फार मोकळेपणाने वाट देतं, पण फुकट नाही. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत या ६० मीटरच्या फेरीला साधारण ०.४४ ओहम इतका अडथळा होतो. १० अँपिअर घेणारी मोटर चालू असेल तर वाटेतच ४.४ व्होल्ट खर्च. २३० मधून एवढे गेले तर कुणाला कळतही नाही. मग दिवा का मलूल होतो?

कारण मोटर सुरू होण्याचा क्षण निराळाच असतो. फिरती मोटर नुसती वीज खात नाही, फिरता फिरता ती येणाऱ्या विजेला उलटा रेटा देते! तिचा स्वतःवरचा लगामच म्हणा ना. बटण दाबल्याक्षणी ती अजून थांबलेली असते, लगाम नसतो, आणि ती पाच-सहा पट वीज ओढून घेते. ५० अँपिअर धरा. ५० गुणिले ०.४४ : सुमारे २२ व्होल्ट वाटेतच संपले. दिव्याने मान टाकली ती इथे. तार ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर हीच घट १४ व्होल्टवर येते. म्हणून जाणता वायरमन ‘लोड किती?’ एवढंच विचारून थांबत नाही, ‘अंतर किती?’ हेही विचारतो.

आता पेच बघा. ५० अँपिअरचा हा झटका क्षणभर चालवून घ्यायचा, पण तोच टिकून राहिला तर तोडायचा, आणि शॉर्ट सर्किट झालं तर निमिषात तोडायचा. कोण करणार एवढा विवेक? आपली एमसीबी! तिच्या पोटात दोन पहारेकरी असतात. एक दोन धातूंची जोडपट्टी : तापली की हळूहळू वाकते, त्यामुळे क्षणभराच्या हिसक्याला ती दाद देत नाही. दुसरी तांब्याची गुंडाळी : प्रचंड प्रवाह आला की चुंबक होऊन खटकन खटका पाडते. ना बॅटरी, ना कुणाची आज्ञा. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठरावीक पातळीला पोहोचलं की पाण्याच्याच जोरावर ते उघडतात. ही एमसीबी त्यांचीच धाकटी बहीण. आणि ती शेडमध्ये नव्हे, घराच्या टोकाला बसवायची. का? तिचं मुख्य काम तार वाचवण्याचं, आणि तार घरापासून सुरू होते.

मग माणसाला कोण वाचवतं? इथे मला सगळ्यात जास्त अचंबा वाटतो. हे काम आरसीसीबी नावाच्या खटक्याचं. तिच्यात जाणारी आणि येणारी, दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून जातात. गेलेली आणि आलेली वीज सारखी असेल तर दोघींचं चुंबकत्व एकमेकींना पुसून टाकतं, कड्याला काही जाणवतच नाही. पण ओल्या पायांनी कुणी उघड्या तारेला हात लावला, तर थोडी वीज न्यूट्रलला चुकवून अंगातून जमिनीत जाते. जमाखर्च जुळत नाही! कड्यात चुंबकत्व जागं होतं आणि ०.३ सेकंदांच्या आत वीज बंद. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरची चूक पकडते. नऊ वॅटचा एलईडी दिवासुद्धा याहून जास्त वीज घेतो.

‘अर्थिंग केलंय की, मग ही कशाला?’ असं बरेच जण विचारतात. हिशेब मांडू. मोटरच्या लोखंडी अंगात फेज उतरली आणि शेडजवळच्या अर्थिंगचा अडथळा २० ओहम असला, तर जमिनीत जाणार ११.५ अँपिअर. आपली एमसीबी २० अँपिअरची असेल, तर तिच्या लेखी सगळं आलबेल! मोटरचं अंग जिवंत, आणि पहारेकरी गप्प. आरसीसीबी मात्र त्याच क्षणी पडते. अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडी आहे, एकीवर भागत नाही.

अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, तेही उगाच नव्हे. ओलीत विरघळलेलं मीठ मातीतून विजेला वाट करून देतं, कोळसा ओल धरून ठेवतो. आषाढात इथली माती आपणहून भिजलेली असते. वैशाखात भेगाळते, तेव्हा त्या खड्ड्यात पाणी ओतायला हवं. जमिनीची तहान भागवली की अर्थिंग सुधारतं!

केबल जमिनीखालून न्यायची तर आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची घ्या. पाऊण मीटर खोल चर, खाली-वर वाळू आणि वर विटांचा थर. विटा कशाला? पुढेमागे नारळ लावायला कुणी पहार मारली, तर ती आधी विटेवर खणकावी म्हणून. प्रत्यक्ष जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

आणि आता बटण दाबा. दिवा लागला! मीटरपासून शेडपर्यंत यायला विजेला सेकंदाचा दहा लाखावा भागही लागला नाही. मग तारेतले इलेक्ट्रॉन केवढ्या वेगाने धावले असतील? धावलेच नाहीत! विजेची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटते. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत, १० अँपिअर वाहत असतानाही, त्यांना मिळणारा हेलकावा मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या भागाइतका इकडे आणि तितकाच तिकडे. केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी. ऊर्जा येते ती तारेभोवतीच्या अदृश्य क्षेत्रातून.

३१ डिसेंबर २०१३ रोजी सोलापूर-रायचूर वीजवाहिनी जोडली गेली आणि देशातली मुख्य ग्रिडं दिशा उलटण्याच्या एकाच तालात आली. तुमच्या परड्यातल्या तारेत तोच ताल आहे. तो धरणारे इलेक्ट्रॉन मात्र परगावचे नाहीत. तारेच्या गुंडाळीसोबत तुम्हीच त्यांना दुकानातून घरी आणलेलं आहे.