शरदाचें ऊन आणि हौशी छायाचित्रकार

पावसाळा संपल्याची वार्ता शहरांतील माणसाला पंचांगाआधीं गॅलरींतील दोरी देते. चार महिने घरांत, पंख्याखालीं, दमट वासानिशीं वाळणारे कपडे एके दिवशीं बाहेर जातात. गाद्या, उशा आणि सतरंज्या गच्चीवर पसरल्या जातात. कपाटांतील पुस्तकें पानें उलगडून खिडकींत ठेवलीं जातात. मुंबईंत हा दिवस बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यांत उगवतो. दुपारचें ऊन अंगाला पोळतें आणि ‘ऑक्टोबर हीट’च्या नांवानें घरोघर कुरकुर सुरू होते. पण त्याच दिवसांत दादरच्या फुलबाजारांत झेंडूचे ढीग लागतात, दसऱ्याला आपट्याचीं पानें हातोहात फिरतात, कोजागिरीचें दूध आटतें, आणि पुढें फराळाचा वास, आकाशकंदील व मुलांचे मातीचे किल्ले यांनीं वाडे-चाळींचीं अंगणें भरून जातात. शहर वर्षांतून एकदांच इतकें उजळ दिसतें. ज्या घरांत कॅमेरा असतो, त्या घरांत तोही याच सुमारास कपाटाबाहेर निघतो.

या काळांत छायाचित्रणाची हौस वाढीस लागते, याला सणासुदीचा उत्साह कारण आहेच. परंतु त्याहून खोल असें एक कारण प्रकाशांत आहे. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशांत सर्व रंग मिसळलेले असतात. हवेचे रेणू अतिसूक्ष्म असल्यामुळें ते निळा प्रकाश तांबड्यापेक्षां कितीतरी अधिक विखुरतात, आणि म्हणून आकाश निळें दिसतें. धुळीचे कण आणि पाण्याचे बारीक थेंब मात्र रेणूंच्या मानानें फार मोठे. ते सारेच रंग जवळजवळ सारख्या प्रमाणांत विखुरतात. हवेंत त्यांची गर्दी झाली, कीं आकाशावर पांढुरका पडदा चढतो आणि लांबच्या इमारती पुसट होतात. शरदाच्या आरंभीं पावसानें हवा धुऊन निघालेली असते, ढग पांगलेले असतात आणि जमींन अजून ओलसर असल्यामुळें नवी धूळ फारशी उडत नाहीं. आकाश गडद निळें, ऊन स्वच्छ आणि सांवली कांठाशीं रेखीव, असा योग तेव्हां जुळून येतो.

हा योग फार दिवस टिकत नाहीं. नोव्हेंबरपासून मुंबईंतील वारा मंदावूं लागतो. रात्रीं जमिनीलगतची हवा थंड होते, तिच्यावर उबदार हवेचें जणूं झांकण बसतें, आणि वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ व दिवाळींतील फटाक्यांचा धूर त्याखालीं कोंडून राहतो. पाऊस माघारीं गेल्यापासून हें हिंवाळी धुरकें जमेपर्यंतचे थोडे आठवडेच हौशी छायाचित्रकाराच्या वांट्याला येतात.

दुसरा लाभ सूर्याच्या उंचीचा. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १९ अंशांवर आहे. मे महिन्याच्या मध्याला सूर्य माध्यान्हीं तिच्या थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सांवली पायथ्याशींच नाहींशी होते. अशा उन्हांत माणसाचें कपाळ आणि नाक तेवढें उजळतें, डोळे मात्र काळ्या खांचांत बुडतात. ऑक्टोबरच्या अखेरीस भर माध्यान्हींही सूर्य क्षितिजापासून सुमारें ५७ अंशच वर चढतो, आणि माणसाची सांवली त्याच्या उंचीच्या निम्म्याहून अधिक लांब पडते. सकाळीं आठच्या सुमारास तर किरण अगदीं तिरपे असतात. त्या तिरप्या प्रकाशांत भिंतीचा खरबरीतपणा, लांकडी जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या, भाजीवाल्याच्या हातावरच्या शिरा, असे एरवीं डोळ्यांआड जाणारे बारकावे उठून दिसतात. जें रोज पाहिलें तेंच नवें वाटूं लागतें. या हौसेचा उगम बहुतेक वेळां या नवेपणांत असतो.

कॅमेरा म्हणजे मूळांत एक अंधारी पेटी. तिच्या एका बाजूस भिंग, समोर प्रकाशाचा ठसा धरणारी फिल्म किंवा विद्युत् पट्टिका, आणि मध्यें प्रकाशाची वाट उघडणारी व मिटणारी झडप. चित्र चांगलें येण्यासाठीं प्रकाश मोजून आंत घ्यावा लागतो. नळाखालीं घागर भरण्यासारखेंच हें आहे. तोटी किती उघडली, किती वेळ उघडी ठेवली आणि घागर केवढी आहे, या तीन गोष्टींवर पाणी कांठोकांठ भरणें, कमी पडणें किंवा वाहून जाणें अवलंबून असतें. भिंगाचें छिद्र ही तोटी, झडपेचा काळ ही वेळ आणि फिल्मची संवेदनशीलता ही घागर. फिल्म जितकी अधिक संवेदनशील, तितकी घागर लहान. छिद्राचा आंकडा उलट चालतो. आंकडा मोठा असेल तर छिद्र लहान.

स्वच्छ उन्हासाठीं जुन्या छायाचित्रकारांनीं एक सोपा नियम बसविला आहे. छिद्र १६ या आंकड्यावर ठेवावें आणि फिल्मचा जो अंक असेल, सेकंदाचा तितकावा भाग झडप उघडी ठेवावी. १०० अंकाच्या फिल्मला सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो. सकाळीं लवकर किंवा सायंकाळीं ऊन कोंवळें असतें, म्हणून छिद्र एक-दोन घरें मोठें करावें. पावसाळ्यांत घटकेघटकेला ढग बदलत असल्यामुळें या नियमाचा उपयोग थोडा. शरदांत तो दिवसामागून दिवस खरा ठरतो. नवशिक्याला शिकण्यासाठीं यापेक्षां चांगला ऋतु नाहीं. आजच्या फोनमध्यें हा हिशेब यंत्रच करतें. पण हिशेब ज्याला समजला, त्याला यंत्र कोठें चुकतें तेंही समजतें.

कोजागिरीची रात्र या हिशेबाची परीक्षाच पाहते. पौर्णिमेच्या चंद्राचा प्रकाश सूर्याच्या मानानें सुमारें ४ लक्ष पटींनीं मंद असतो. भर उन्हांत सेकंदाच्या शंभराव्या भागांत होणारें काम त्याच छिद्रानें चांदण्यांत करावयाचें, तर ४ हजार सेकंद, म्हणजे तासाहून अधिक वेळ हवा. छिद्र १६ वरून २ या आंकड्यापर्यंत उघडलें, तर प्रकाश ६४ पट येतो आणि काम एका मिनिटाच्या आसपास येऊन ठेपतें. फिल्मची ग्रहणशक्ति अशा दीर्घ वेळांत मंदावत असल्यामुळें प्रत्यक्षांत आणखी थोडा अवधि द्यावा लागतो. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून असें चित्र घेतलें, तर गच्चीचा कठडा, पाण्याच्या टाक्या आणि दुधाचें पातेलें स्पष्ट उमटतें. हंसणारीं, उठणारीं-बसणारीं माणसें मात्र धुक्यासारखीं विरून जातात. प्रकाशाइतकाच काळही चित्रांत उतरतो, हा धडा पुस्तकापेक्षां कोजागिरीच्या गच्चीवर लवकर पटतो.

मुंबईशीं या कलेचें नातें जुनें आहे. डागेरची कृति पॅरिस येथें १८३९ सालीं जाहीर झाली आणि अवघ्या १५ वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकीं एक, आणि स्वतः निष्णात छायाचित्रकार. त्या काळीं ही हौस सोपी नव्हती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें १८५१ सालीं प्रसिद्ध केलेल्या रीतींत कांचेवर कोलोडियन नांवाचा चिकट द्रव पसरून ती रौप्य-नायट्रेटच्या द्रावांत बुडवावी लागे. ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे आणि वाळण्यापूर्वींच धुवावें लागे. मुंबईच्या उष्म्यांत कांच किती लवकर वाळत असेल, याची कल्पना कोणालाही करतां येईल. घराबाहेर चित्र काढावयाचें म्हणजे अंधारा तंबू, बाटल्या आणि पाण्याच्या घागरी बरोबर न्यावयाच्या. असा खटाटोप करून कोणी नळावरच्या रांगेचें चित्र काढावें, ही अपेक्षाच व्यर्थ. कॅमेरा वळे तो देवळें, लेणीं आणि मानकरी यांच्याकडे.

मॅडॉक्स यानें १८७१ सालीं कोरड्या जिलेटिन कांचेची वाट दाखविली आणि ओझें हलकें झालें. ईस्टमननें १८८८ सालीं १०० चित्रांची गुंडाळी घातलेला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरांना विक्रीस आणला. १९०० सालीं त्याच्याच कंपनीचा ब्राउनी अवघ्या एका डॉलरला मिळूं लागला. पुढें भारतांतील अनेक मध्यमवर्गीय घरांत पहिला कॅमेरा आला तो आग्फा क्लिक थ्री. त्याच्या एका गुंडाळींत १२ चौकोनी चित्रें. बाराच असल्यामुळें हात आखडता राही आणि तीं वाढदिवस, मुंज व सहल यांतच संपत. आतां फोनमुळें ती काटकसरही उरली नाहीं. चित्र घेण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. साधन स्वस्त झालें तशी त्याची नजर समारंभाकडून रोजच्या जीवनाकडे वळावी, अशी सोय प्रथमच झाली आहे.

अशी नजर वळली तर काय हातीं लागतें, याचें उदाहरण होमाई व्यारावाला यांचें. १९१३ सालीं जन्मलेल्या होमाईबाई मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें शिकल्या आणि माणेकशा व्यारावाला यांच्याकडून त्यांनीं कॅमेरा हाताळण्याची विद्या घेतली. पुढें दिल्लींतील राजकीय घडामोडींच्या चित्रांनीं त्यांचें नांव झालें. परंतु त्यापूर्वीं मुंबईंत त्यांनीं टिपलेल्या सहाध्यायिनी, रस्ते आणि कामावरचीं माणसें यांचीं चित्रें आज तितक्याच आदरानें पाहिलीं जातात. आरंभीं त्यांतील चित्रें माणेकशा यांच्या नांवानें छापलीं जात. ज्या मुलींकडे पाहण्याचें त्या वेळीं कोणाला विशेष कारण नव्हतें, त्यांचें हंसणें-बोलणें त्या चित्रांत राहिलें.

नित्याच्या गोष्टी चित्रांत येत नाहींत, याचें कारण त्या कायमच्या आहेत असा सर्वांचा समज असतो. मुंबईंत १८७४ सालीं घोड्यांची ट्राम धांवूं लागली, १९०७ सालीं विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची धांवून थांबली. पिढ्यान् पिढ्या लोक तिच्यांतून कचेरीला गेले. पण त्या कुटुंबांच्या संग्रहांत ट्रामच्या बांकावर बसलेल्या वडिलांचें चित्र शोधूं गेल्यास क्वचितच सांपडेल. १९८२ च्या संपानंतर कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि भोंग्याबरोबर पाळी सुटून रस्ताभर पसरणारी माणसांची लाट दिसेनाशी झाली. वरळी, नायगांव आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळींच्या जागीं आज उंच इमारती उभ्या राहत आहेत. समाईक गॅलरी, तिच्यांतील दोऱ्या, दारापुढची रांगोळी आणि शेजारणींच्या गप्पा या गोष्टी दिवाळीच्या चार दिवसांत एका माणसाला सहज टिपतां येतील. ती गॅलरी पाडल्यावर कितीही मोलाचा कॅमेरा त्यांतलें कांहींच परत देऊं शकणार नाहीं.

घरांतही हेंच घडतें. आजीचीं लग्नकार्यांतलीं, शालू नेसून ताठ बसलेलीं चित्रें जपून ठेवलेलीं असतात. चकलीचा सोऱ्या दाबतांना तिचा हात कसा वळे, चष्मा नाकावर सरकवून ती वर्तमानपत्र कसें वाची, याचें चित्र कोठेंच नसतें. आणि नातवंडांना ती आठवते ती नेमकी तशी. फराळाच्या दिवशीं स्वयंपाकघराच्या खिडकींतून येणारें सकाळचें ऊन अशा चित्राला पुरेसें असतें. तिला उठवूं नये, नीट बसवूं नये, ‘इकडे पाहा’ असें म्हणूं नये. काम चालू द्यावें आणि प्रकाशाकडे लक्ष ठेवावें.

रस्त्यावरील माणसाच्या बाबतींत मात्र संकोच सोडूं नये. झेंडू विकणारी बाई सकाळच्या उन्हांत कितीही सुंदर दिसली, तरी ती प्रथम कामावर आलेली बाई आहे. नजरेनें वा शब्दानें तिची संमति घ्यावी, नकार दिल्यास कॅमेरा खालीं करावा, आणि चित्र चांगलें आलें तर पुढच्या खेपेस त्याची प्रत तिला नेऊन द्यावी. अशा देवघेवींतून ओळख होते, आणि ओळखीच्या माणसाचें चित्र परक्याच्या चित्रापेक्षां नेहमींच खरें उतरतें.

शेवटची गोष्ट जतनाची. हवेंतील आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली, कीं भिंगावर आणि फिल्मवर बुरशी धरते. म्हणून पावसाळ्यानंतर कॅमेरा तपासून पुसावा व सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यांत ठेवावा. छापील चित्रें मात्र गाद्यांबरोबर उन्हांत घालूं नयेत, कारण प्रकाशानें रंग विटतात. त्यांना सांवलीची कोरडी हवा पुरते. याहून मोठा धोका विस्मृतीचा आहे. फोनमध्यें हजारों चित्रें सांठतात आणि दहा वर्षांनीं त्यांतील जिना कोणत्या घरचा, हें कोणालाच सांगतां येत नाहीं. वर्षांतून निदान २० चित्रें निवडावीं, कागदावर छापून घ्यावीं आणि मागें पेन्सिलीनें नांव, जागा व तारीख लिहावी. ज्या चित्रामागें एवढ्या तीन ओळी आहेत, तें घराण्याचा आणि शहराचा दस्तऐवज होतें.

सुंदर चित्रें काढणारे थोडे असतात, आणि प्रत्येक हौशी माणसानें त्यांच्या पंक्तीस बसलेंच पाहिजे असें नाहीं. पण आपली गल्ली, आपलें घर आणि आपलीं माणसें ज्या उजेडांत रोज दिसतात, त्या उजेडासह तीं पुढल्यांच्या हातीं देणें कोणालाही साधण्यासारखें आहे. त्यासाठीं लागणारें ऊन शरद ऋतु दरवर्षीं न चुकतां घेऊन येतो. गल्ली मात्र दरवर्षीं तीच राहील, याची हमी कोणीच देत नाहीं.