हागारचे नाव कोण घेतो?

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाळी सुटते तेव्हा फाटकाशी उभे राहून हाका ऐकाव्यात. मिलिंद, सिद्धार्थ यांच्या जोडीने डॅनियल, सॅम्युएल, याकोब अशीही नावे कानी पडतात. कोल्हापुरात अमेरिकन मिशनचे काम 1852 साली सुरू झाले. त्यानंतर ही हिब्रू नावे या भागातील महार-मांग घरांत आली. आज ती नुसती 'ख्रिस्ती नावे' म्हणून ओळखली जातात. मुळात त्यांतील कित्येक छोटी वाक्येच आहेत. 'एल' म्हणजे देव. डॅनियल म्हणजे 'देव माझा न्यायाधीश', इश्माएल म्हणजे 'देव ऐकतो'.

आपल्याकडे 'नावे ठेवणे' याचा अर्थच दोष काढणे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात शूद्राचे नाव निंदाव्यंजक असावे असा दंडक आहे. दगडू, धोंडू ही नावे मूल जगावे म्हणून इतर जातींतही ठेवीत, हे खरे. पण तिकडचा दगडू पुढे दगडूशेठ होई, आमचा दगड्याच राही.

हे ध्यानात ठेवून बायबलातील हागारची कथा वाचावी. ती अब्राहामाच्या घरची मिसरी दासी. मालक आणि मालकीण सारा सबंध कथेत तिचे नाव एकदाही उच्चारीत नाहीत. त्यांच्या तोंडी ती केवळ दासी. ठेकेदार 'चार हेल्पर पाठव' म्हणतो, त्यातलाच प्रकार. छळाला कंटाळून ती गरोदरपणी रानात पळते. तेथे झऱ्यापाशी देवदूत तिला प्रथमच नावाने हाक मारतो आणि होणाऱ्या मुलाचे नाव इश्माएल ठेवायला सांगतो, कारण तिचे दुःख ऐकले गेले आहे. त्यावर हागार देवालाच नाव देते: 'एल-रोई', मला पाहणारा देव. या ग्रंथात देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती ही दासी आहे! मात्र तोच देवदूत तिला मालकिणीकडे परतून तिच्या सत्तेखाली राहायलाही सांगतो, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. नाव मिळाले, सुटका मिळाली नाही.

सुटकेची कथा पुढच्या, निर्गमाच्या पुस्तकात येते. तिच्या आरंभीच, हिब्रू मुलगे जन्मताच मारण्याचा हुकूम मोडणाऱ्या दोन सुइणींची नावे नोंदली आहेत: शिफ्रा आणि पूवा. हुकूम सोडणारा राजा मात्र नुसता 'फारो'. तो हुद्दा झाला. त्या राजाचे नाव इतिहासकार अजून शोधीत आहेत.